कांजिण्या आल्या म्हणजे काय करावें?



कांजिण्या हा देवीचा कोप नव्हे. तो विषाणूचा स्पर्शजन्य रोग आहे. आम्ही घरोघरीं पाहतों, मूल खाजेनें रात्रभर तळमळतें आणि घरचीं माणसें अंघोळ बंद करून अंगारा लावतात. असें करूं नका. नखांनीं फोड फुटला कीं पू होतो, वण राहतो. म्हणून आधीं नखें कापा. रोज कोमट पाण्यानें अंघोळ घाला, अंग न घासतां टिपा. सैल सुती कपडे घाला, फोडांवर कॅलामाइन लावा. तापाला अ‍ॅस्पिरिन कदापि देऊं नका. डॉक्टर सांगतील तेवढेंच पॅरासिटामॉल द्या. सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत मुलास शाळेंत पाठवूं नका, गरोदर बाईपासून व तान्ह्या बाळापासून दूर ठेवा. धाप लागली किंवा मूल गुंगींत गेलें, तर तात्काळ दवाखाना गांठा.

नैवेद्य मागाहूनही दाखवितां येईल. पोराची खाज आज थांबली पाहिजे.