भिंतीवरचं चित्र कोणाच्या बाजूनं बोलतं?

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या पोस्टर-शिबिरातील भाषणाचा मजकूर)



दुपारी आपण सगळ्याजणी कागद, रंग, ब्रश घेऊन बसणार आहोत. त्याआधी थोडं बोलावं असं मला सांगितलं आहे. चित्र कसं काढायचं ते मी सांगणार नाही. मी चित्रकार नाही, वस्तीत काम करणारी कार्यकर्ती आहे. मला बोलायचं आहे ते पोस्टरच्या राजकारणाबद्दल.

घोषणेतल्या एका शब्दावरून आपण दोन-दोन तास वाद घालतो. चित्राच्या बाबतीत मात्र "बरं दिसतंय, लावून टाका" म्हणून मोकळ्या होतो. खरं तर जिला वाचता येत नाही तिच्यापर्यंत चित्रच आधी पोचतं. म्हणून ते कोणाशी बोलतंय आणि कोणाकडे बोट दाखवतंय, हे तपासायला हवं.

आपल्याच महाराष्ट्रातलं उदाहरण घेऊ. १९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडा या तरुण विवाहितेचा संशयास्पद मृत्यू झाला. त्यानंतर विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी 'मी एक मंजुश्री' हे पोस्टर-प्रदर्शन केलं. त्याच कामातून नारी समता मंच उभा राहिला. प्रदर्शनाचं नाव नीट ऐका. नुसतं 'मंजुश्रीला न्याय द्या' म्हटलं असतं तर बघणारी बाई हळहळली असती आणि घरी गेली असती. 'मी एक मंजुश्री' म्हटलं की ती स्वतःच्या घराकडे बघायला लागते. पुढे १९८४ साली सर्वोच्च न्यायालयानं मंजुश्रीच्या पतीची निर्दोष मुक्तता केली. पण त्या नावातला प्रश्न एका खटल्यापुरता नव्हताच. सासरी त्रास असलेल्या मुलीला परत यायला जागा आहे का, हा तो प्रश्न होता आणि तो निकालानं संपला नाही. चांगलं पोस्टर बघणारीला नुसती प्रेक्षक राहू देत नाही, ते असं.

आता उलट बाजू. गर्भलिंगनिदानाच्या विरोधात १९८५ पासून मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी नेटानं मोहीम चालवली. त्यातून १९८८ साली महाराष्ट्रात कायदा झाला, देशातला पहिला. १९९४ साली केंद्राचा कायदा आला. मग सरकारी खाती, क्लब, शाळा, सगळ्यांनीच पोस्टर काढली. आठवून पाहा त्यांवर काय असायचं. पोटातलं बाळ हात जोडून आईला विनवतंय, मला मारू नकोस. रक्त ठिबकणारा सुरा. आणि शब्द कोणता? 'स्त्रीभ्रूणहत्या'.

या चित्रात आरोपी कोण? आई. मुलगाच हवा म्हणणारा नवरा त्यात नाही, सासू-सासरे नाहीत, पैसे घेऊन लिंग सांगणारा डॉक्टर नाही, त्याचं मशीनसुद्धा नाही. एकटी आई आणि तिचं पोट. ज्या बाईला घरात निर्णयाचा अधिकारच नाही, तिलाच आपण भिंतीवर खुनी ठरवलं.

दुसरा परिणाम त्याहून वाईट. आमच्या वस्तीतली एक बाई मला म्हणाली, "ताई, पिशवी साफ करणं आता गुन्हा आहे ना? दवाखान्यात भिंतीवर लावलंय." तिला तीन मुलं होती, चौथं नको होतं. लिंगनिदानाशी तिचा काही संबंध नव्हता. १९७१ च्या कायद्याप्रमाणे तिला सरकारी दवाखान्यात सुरक्षित गर्भपात करून घेता येत होता. पण पोस्टरनं तिला घाबरवून ठेवलं होतं. अशी घाबरलेली बाई मग गल्लीतल्या कोणाकडे तरी जाते आणि जिवावर बेततं. गुन्हा आहे तो लिंग निवडण्याचा. म्हणून 'लिंगनिवड' म्हणा, 'हत्या' म्हणू नका. 'मुली नसतील तर सुना कुठून आणाल?' हेही नको. मुलीनं जन्माला यायचं ते काय कोणाची सून व्हायला?

याउलट सोनोग्राफी केंद्रातली साधी पाटी बघा. इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही, तो गुन्हा आहे, असं स्थानिक भाषेतही ठळक लावणं कायद्यानं बंधनकारक आहे. तिच्यात ना फूल, ना बाळ. पण ती डॉक्टरला बांधते. कोणाकडे बोट दाखवायचं हे त्या पाटीला कळलेलं आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्या चित्रातली 'बाई' म्हणजे कोण? बहुतेक वेळा कुंकू, मंगळसूत्र, नऊवारी किंवा पाचवारी. मग विधवा, टाकलेली, मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध बाई कुठे गेली? ऐंशीच्या दशकात चळवळीनं स्त्रीशक्ती म्हणून दुर्गा आणि काली खूप वापरल्या. हेतू चांगला होता. पण या प्रतीकांमुळे अल्पसंख्य बायका आपोआप बाहेर राहतात, याकडे फ्लेविया अ‍ॅग्नेस यांनी नव्वदीत लक्ष वेधलं. तो प्रश्न आजही प्रत्येक कोऱ्या कागदासमोर विचारायचा आहे.

मग हे सगळं तपासायचं कसं? ज्यांच्यासाठी काढलं त्यांनाच विचारून. राजस्थानात महिला विकास कार्यक्रमातल्या खेड्यातल्या बायकांनी 'शरीर की जानकारी' ही पुस्तिका तयार केली. दिल्लीच्या काली फॉर वुमेननं ती १९८९ साली छापली. पहिल्या खर्ड्यात उघड्या शरीराचं चित्र होतं. गावातल्या लोकांनी हरकत घेतली की अशी बाई आमच्याकडे कुठे दिसते? बायकांनी चित्र काढून टाकलं नाही. त्यांनी कपडे घातलेली बाई काढली, आणि घागऱ्याचा कागद उचलला की आतलं शरीर दिसेल अशी सोय केली. माहितीही राहिली, बघणारीचा संकोचही सांभाळला. कुठल्याही कला महाविद्यालयात न शिकलेल्या बायकांचं हे डोकं.

म्हणून दुपारसाठी तीन सूचना करते. एक, पोस्टर झालं की अक्षरं झाकून शेजारच्या गटाला दाखवा आणि "काय दिसतं?" एवढंच विचारा. समजावून सांगू नका. भिंतीजवळ आपण समजावायला उभ्या नसतो. दोन, चालू प्रकरणावर पोस्टर असेल तर बलात्कारित मुलीचं नाव, फोटो, ओळख पटेल असं काहीही नको. कायद्यानंही तो गुन्हा आहे, आणि पोस्टरचा फोटो मोबाईलवरून तासाभरात गावभर जातो, परत बोलावता येत नाही. तीन, बघून झाल्यावर बाईनं करायचं काय, ते खाली ठळक लिहा: कुठे जायचं, कोणत्या वारी, कोणाला भेटायचं.

आणि परत गेल्यावर एक काम. २०१३ च्या कायद्यानुसार कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाची तक्रार घेणाऱ्या अंतर्गत समितीचा आदेश दर्शनी जागी लावणं मालकावर बंधनकारक आहे. आपापल्या भागातल्या कारखान्यांत, बँकांत, शाळांत जाऊन बघा, तो कागद लागलाय का. नसेल तर लेखी मागा. आपली पोस्टर आपण लावूच, पण त्यांनी लावायचा कागदही त्यांच्याकडून लावून घेऊ.

एवढं बोलून थांबते. चला, कागद पसरू.