गावच्या पोरांच्या हाती थापी



कापसाचा शेवटचा वेचा आटोपला, तूर घरात आली, की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो. वावरात काम दोघांपुरतं आणि घरात रिकामे हात चार. बारावी झालेलं पोरगं पारावर बसतं, नाहीतर नागपूर-पुण्याकडे बिगारी म्हणून निघून जातं. तिकडे वर्षानुवर्षे घमेली वाहतं, पण थापी काही हाती येत नाही. इकडे गावात घरकुल मंजूर झालेला माणूस चांगल्या गवंड्याची वाट पाहत बसतो, कारण बांधकाम पुढे सरकल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही. काम गावात, हातही गावात. मधला हुन्नर तेवढा कमी पडतो.

गवंडीकाम म्हणजे विटेवर वीट ठेवणं, असा पुष्कळांचा समज आहे. काळ्या जमिनीत घर बांधलेल्याला विचारा. उन्हाळ्यात आपल्या वावराला हात-हात भेगा पडतात, पावसाळ्यात तीच माती पाणी पिऊन फुगते. घराखालची मातीही तेच करते. दरवर्षी ती पाया उचलते आणि पुन्हा खाली सोडते. मग दोन-तीन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते आणि आपण सिमेंटला नावं ठेवतो. भेगा जिथवर जातात त्याच्या निदान फूटभर खाली पाया गेला पाहिजे, शक्य तर मुरुमापर्यंत. खोदलेली काळी माती पायाच्या बाजूने परत लोटू नये, तिथे मुरूम भरून पाणी मारून ठोकावा. जोत्यावर सर्व भिंतींखालून सळ्यांचा काँक्रीटचा पट्टा सलग फिरवावा. घराभोवतीचं पाणी उताराने लांब काढावं. हे ज्याला येतं तो गवंडी. बाकीचे नुसते वीट लावणारे!

किल्लारीचा भूकंप विसरता येणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादकडे हजारो माणसं दगड-मातीच्या जाड भिंतींखाली गेली. पुढे पुनर्वसनाच्या कामात तिथल्या गवंड्यांना नव्या पद्धतीने भिंत बांधण्याचं शिक्षण द्यावं लागलं. आधी मिळालं असतं तर किती बरं झालं असतं.

आता शिकवायचं कसं? जुन्या श्रोत्यांना ट्रायसेम आठवत असेल. १५ ऑगस्ट १९७९ ला ही योजना निघाली. गावच्या तरुणांना हुन्नर शिकवावा हा हेतू चांगला होता. पण शिकलेल्या पुष्कळ मुलांनी तो धंदा कधी केलाच नाही, प्रमाणपत्र पेटीत राहिलं. माझं मत असं की खोलीत बसून हे काम येत नाही, खऱ्या घरावरच येतं. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत, म्हणजे आपल्या घरकुलात, ही सोय मुळातच ठेवली आहे. गवंडी प्रशिक्षण ४५ दिवसांचं आणि तेही प्रत्यक्ष घरकुलाच्या बांधकामावर. शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. घरमालकाचं घर उभं राहतं, मुलांचा हात बसतो.

ग्रामसभेत विषय घ्या. गावात किती घरकुलं मंजूर आहेत आणि १८ वर्षांवरची किती मुलं-मुली शिकायला तयार आहेत, याची यादी करून ग्रामपंचायतीमार्फत पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्यांकडे द्या. मुली म्हटलं ते मुद्दाम. रेजा म्हणून आमच्या बाया जन्मभर विटा वाहतात. ओळंबा धरायला त्यांना कोण अडवतं? काम संक्रांतीनंतर लगेच धरावं. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडच्या उन्हात भिंतीवर मारलेलं पाणी टिकत नाही, आणि पुढे मृगाची घाई असतेच.

एका मिस्त्रीमागे पाच मुलं पुरेत. पहिले काही दिवस आखणीचेच. दोरीने ३, ४ आणि ५ फुटांचा त्रिकोण धरून काटकोन काढायला शिकवा. मग ओळंबा, सांधेमोड, वीट भिजवून लावणं. सिमेंटचा माल अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवायचा, आणि एका दिवसात भिंत पाच फुटांच्या वर चढवायची नाही. विटांच्या भिंतीला सात दिवस पाणी मारलंच पाहिजे.

अडचण एकच, आणि ती खरी आहे. गावचा जुना मिस्त्री म्हणतो, "हे पोट्टे शिकले तर माझ्या पोटाचं काय?" त्याचं म्हणणं खोटं नाही. म्हणून शिकवण्याचे पैसे त्याला रोजाच्या हिशेबाने मिळाले पाहिजेत आणि ते आधी ठरले पाहिजेत. फुकट शिकव म्हणाल तर तो घमेलंच वाहायला लावील.

शिकून झाल्यावर मुलांनी कामाच्या दिवसांची नोंद ठेवावी. वर्षभरात ९० दिवस बांधकामावर भरले की बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. मुलांचं शिक्षण, आजारपण, अपघात, यांत त्याची मदत होते. दिवसांचा दाखला ठेकेदार देतो, नाहीतर ग्रामपंचायतीकडे मागावा.