वाढ गावाची, भार कोणाच्या खांद्यावर?

(घाटनांदूर येथे शेतकरी व कारागीर मंडळींपुढे झालेले भाषण)



आज मला 'गावाची सुधारणा' या विषयावर बोलावयास सांगितले आहे. हा विषय फार गोड आहे. निवडणूक जवळ आली की जो तो हा शब्द तोंडात घोळवतो. रस्ता झाला की सुधारणा, दिवा लागला की सुधारणा, चार दुकाने वाढली की सुधारणा! मी या गोष्टींच्या आड येत नाही. रस्ता हवा, दिवा हवा, दुकानेही हवीत. पण एक साधा प्रश्न विचारल्यावाचून मला राहवत नाही. गाव वाढते तेव्हा लाभ कोणाच्या पदरात पडतो, आणि भार कोणाच्या खांद्यावर बसतो?

हा प्रश्न आपल्याला परका नाही. आपल्या एका अंगाला अंबाजोगाईची योगेश्वरी आहे, दुसऱ्या अंगाला परळीचा वैद्यनाथ आहे. दोन्हीकडे बाहेरचा माणूस येतो, पैसा टाकतो आणि जातो. आपल्या गावाला विकाराबाद-परळी मार्गावरचे रेल्वे स्टेशन आहे. जेथे गाडी थांबते तेथे आज ना उद्या बाजार वाढतो, जागेचे भाव वाढतात आणि बाहेरचा पैसा आत येतो. तेव्हा ज्या गावाने असे दिवस शंभरावर वर्षे पाहिले, त्याची हकीकत आपण आजच ऐकून ठेवलेली बरी. त्या गावाचे नाव माथेरान.

माथेरान हे रायगड जिल्ह्यात, नेरळ स्टेशनच्या वर डोंगरमाथ्यावर आहे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट यांनी त्याचा 'शोध लावला' असे पुस्तकांतून लिहितात. त्या डोंगरात ठाकूर, कातकरी, धनगर पिढ्यान्‌पिढ्या वावरत होते. पण त्यांनी पाहिलेला डोंगर म्हणजे न पाहिलेलाच, असा त्या काळचा न्याय! पुढे मुंबईचे साहेब आणि शेठ तेथे हवा खावयास जाऊ लागले. १९०५ साली नगरपालिका झाली. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने नेरळपासून छोटी आगगाडी चढवली. २०११ च्या शिरगणतीत तेथील वस्ती साडेचार हजारांच्या आत भरली, म्हणजे एखाद्या बऱ्या खेड्याएवढी. पण सुटीच्या दिवसांत पाहुण्यांची एवढी दाटी होते की गाव कोणाचे, राहणाऱ्यांचे की येणाऱ्यांचे, हा संभ्रम पडावा.

या गावाची एक चाल चांगली आहे. तेथे मोटारीला बंदी आहे. मोटार दस्तुरी नाक्यापर्यंत येते आणि तेथून बाजारपेठ सुमारे अडीच-तीन किलोमीटर राहते. २००३ साली केंद्र सरकारने माथेरान व भोवतालचा मुलूख पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केला. झाडे राहिली, हवा राहिली, ही गोष्ट खरी. पण नियम करणाऱ्याने नियम केला, हवा खाणाऱ्याने हवा खाल्ली, आणि या दोघांमधले ओझे कोणी वाहिले, तेवढे पाहावयाचे राहून गेले.

आधी बाजाराचे पाहा. किराणा, भाजी, गॅसची टाकी, सिमेंटचे पोते, जे काही लागेल ते दस्तुरीला उतरते. तेथून ते घोड्याच्या पाठीवर, हातगाडीवर नाही तर हमालाच्या डोक्यावर चढते. एकेका हाताळणीची मजुरी मालावर बसते. ती मजुरी रास्तच आहे. घाम गाळणाऱ्याला दाम मिळालाच पाहिजे. परंतु तोच माल पाहुणाही घेतो आणि गावातली मोलकरीणही घेते. पाहुणा दोन दिवसांसाठी आलेला असतो. त्याला दोन रुपये जास्त पडले तरी तो हसून देतो. मोलकरणीला ते दोन रुपये वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस द्यावे लागतात. दुकानदार भाव ठरवताना पाहुण्याच्या खिशाकडे पाहतो, तिच्या कनवटीकडे नव्हे. बाहेरच्या माणसावर चालणाऱ्या प्रत्येक गावाची ही गोष्ट आहे. यात्रेच्या गावात राहणाऱ्यांनी मनाशी ताडून पाहावे.

आता माणसांचे पाहा. ज्या पाहुण्याला चालवत नाही आणि घोड्यावर बसवत नाही, त्याच्यासाठी तेथे हातरिक्षा असे. ती बैल ओढीत नाही, घोडा ओढीत नाही, माणूस ओढतो. एक जण पुढे ओढतो, एक-दोघे मागून ढकलतात. लाल मातीचा चढ, पावसाळ्यात निसरडा, उन्हाळ्यात धुळीचा; आणि वर बसलेला धडधाकट इसम वनश्री पाहत चालला आहे! परवाना असलेल्या अशा ९४ हातरिक्षा तेथे होत्या. बांधवांनो, ही पेशवाईतल्या पालखीची गोष्ट नव्हे. देश स्वतंत्र होऊन पाऊणशे वर्षे झाल्यावरची ही गोष्ट आहे.

या रिक्षावाल्यांनी काय केले ते नीट ऐका, कारण आपल्या कामाची गोष्ट तीच आहे. त्यांनी नशिबाला बोल लावला नाही. त्यांनी संघटना केली, अर्ज केले, आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. त्यांची मागणी डोंगरावर मोटारी आणाव्यात अशी नव्हती. धूर न करणारी, विजेवर चालणारी रिक्षा आम्हांलाच चालवावयास द्या, म्हणजे झाडही राहील आणि माणसाची मानही राहील, एवढेच त्यांचे म्हणणे. मे २०२२ मध्ये न्यायालयाने प्रयोगाला परवानगी दिली. त्याच साली डिसेंबरात ई-रिक्षा धावू लागल्या. शाळेच्या पोरांची, म्हाताऱ्या माणसांची, दुखणेकऱ्यांची सोय झाली. जी गोष्ट केवळ ९४ कुटुंबांची म्हणून हिणवली जात होती, ती साऱ्या गावाच्या सोयीची निघाली.

पुढे न्यायालयाने ई-रिक्षांची संख्या तूर्त २० ठरवली आणि त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच द्याव्यात असे सांगितले. पण सरकारी ताटातले वाढप आपल्याला ठाऊक आहे. त्या गाड्या खऱ्या ओढणाऱ्यांच्याच हाती पडल्या काय, यावरून तक्रार झाली, आणि न्यायालयाला चौकशी लावावी लागली. शेवटी ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने निकाल दिला. माणसाने माणसाला ओढण्याची चाल माणुसकीला धरून नाही, ती सहा महिन्यांत बंद करा, असा तो हुकूम. गुजरातेत केवडिया येथे स्त्रियांना ई-रिक्षा भाड्याने चालवावयास देतात, ती योजना पाहा. खरे रिक्षावाले कोण ते कलेक्टरांच्या समितीने ठरवावे. गाड्या उरल्या तर आदिवासी स्त्रियांना व इतर रहिवाशांना द्याव्यात. आणि पैसा नाही ही सबब चालणार नाही, असेही न्यायालयाने बजावले.

येथे कोणी म्हणेल, घोडेवाल्यांचे काय? प्रश्न बरोबर आहे. घोडेवाल्यांनी ई-रिक्षांना विरोध केला, कारण त्यांच्या पोटाला चिमटा बसण्याची त्यांना भीती वाटली. घोडेवालाही आपल्यासारखाच गरीब. पण विचार करा. एका गरिबाच्या भाकरीसाठी दुसऱ्या गरिबाने गाडीला जुंपून घ्यावे हा न्याय नव्हे. आणि एकाला सोडवताना दुसऱ्याला उपाशी मारावे हाही न्याय नव्हे. दोघांना समोरासमोर बसवून तोड काढणे हे गावाच्या कारभाऱ्याचे काम. कारभारी ते करीत नाही तेव्हा गरीब गरिबाशी भांडतो, आणि दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो.

मार्च २०२५ मध्ये माथेरानकरांनी स्वतःहून गाव बंद ठेवले. दस्तुरीवर पाहुण्यांना खोटेनाटे सांगून जास्त पैसे उकळतात, त्याने गावाचे नाव जाते आणि सर्वांचाच धंदा बसतो, ही त्यांची तक्रार होती. दुकाने बंद, हॉटेले बंद! अधिकाऱ्यांनी बैठक घेतली, आश्वासने दिली, तेव्हा बंद मागे घेतला. ज्या गावाचे पोट बाजारावर चालते त्या गावाने आपल्याच हाताने बाजार बंद करावा, ही केवढी नड! तक्रार करण्याची सरळ जागा मोकळी असती तर ही पाळी कशाला येती?

ती सरळ जागा म्हणजे लोकांनी निवडलेली सभा. तिचे काय झाले होते तेही सांगतो. २०२२ च्या सुमारास महाराष्ट्रातील पुष्कळ नगरपरिषदा, महानगरपालिका आणि जिल्हा परिषदा यांची मुदत संपली. इतर मागासवर्गीयांच्या, म्हणजे तुमच्याआमच्या सुतार, लोहार, कुंभार, तेली, माळी यांच्या राखीव जागांचा वाद कोर्टात अडकला, आणि निवडणुका लांबल्या. लोकांच्या माणसाच्या जागी प्रशासक बसला. प्रशासक चांगला असेल, वाईट असेल. पण तो तुमच्या दारी मत मागावयास येत नाही, म्हणून त्याला तुमचे भय नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुकांचा हुकूम केला, तेव्हा कोठे डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांचे मतदान झाले. मधल्या सालांत नळाला पाणी आले नाही तर कोणाला धरावे, हे सामान्य माणसाला कळत नव्हते.

आता आपल्याकडे वळतो. आपल्याकडे नगरपरिषद नाही, ग्रामपंचायत आहे. आणि ग्रामपंचायतीपाशी अशी एक वस्तू आहे की जी शहरातल्या माणसालाही मिळत नाही. ती म्हणजे ग्रामसभा. १९५८ च्या कायद्याने गावातला प्रत्येक मतदार तिचा सभासद आहे. वर्षातून निदान चार वेळा ती भरलीच पाहिजे, आणि तिच्या आधी स्त्रियांची वेगळी सभा झाली पाहिजे. एकूण मतदारांचे १५ टक्के किंवा १०० माणसे, यांतला जो आकडा कमी तेवढी माणसे जमली की सभा पुरी. म्हणजे आपल्यासारख्या मोठ्या गावात शंभर जण पुरतात. देवळाच्या पंगतीला आपण याहून जास्त जमतो!

पण शंभर जण जमले नाहीत तर काय होते, ते ध्यानात धरा. सभा तहकूब होते; आणि तहकूब सभेला संख्येची अट राहत नाही. मग दहा माणसे बसतात, कागद पुढे सरकतो, आणि 'गावाने ठराव केला' असे लिहिले जाते. गाव शेतात असते, गाव भट्टीपाशी असते, गाव कोयता घेऊन परमुलखी ऊस तोडीत असते. आणि गावाच्या नावाने ठराव होतो! याला चोरी म्हणावे तर कायद्यात बसत नाही. आपण उघडे टाकलेले हे दार आहे, त्यातून कोणी आत शिरले तर बोल कोणाला लावावा?

म्हणून ग्रामसभेत जाऊन विचारावयाचे प्रश्न आजच ठरवू या. २०२० पासून पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा ग्रामपंचायतींच्या खात्यांवर येऊ लागला, आणि पहिल्या वर्षी त्यातला निम्मा व पुढे ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांसाठीच बांधून दिलेला होता. तो कोणत्या गल्लीत, कोणत्या नळावर, कोणत्या गटारावर खर्च झाला? आठवडी बाजारात जमिनीवर बसून गाडगी, केरसुण्या, वहाणा, भाजी विकणाऱ्यांकडून जी बैठक घेतात, तिचा दर किती, पावती मिळते काय, वसुलीचा ठेका कितीला गेला, आणि त्या पैशातून बाजारात सावली, पाणी, बायाबापड्यांसाठी आडोसा झाला काय? स्टेशनाकडे नवी वस्ती वाढेल तेव्हा रस्त्याची जागा आधी राखणार की मागाहून गरिबाची टपरी पाडणार? मी येथे कोणावर आरोप करीत नाही. ज्याचा हिशेब चोख आहे त्याला प्रश्नाचा राग येत नाही.

तोंडी उत्तर मिळाले नाही तर लेखी मागा. २००५ च्या माहितीच्या कायद्याने दहा रुपयांच्या अर्जावर तीस दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. ज्याला लिहिता येत नाही त्याने शाळेतल्या आपल्या पोरीकडून लिहून घ्यावे. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. तेव्हा बायकांनी सभेत बसावे आणि स्वतःच्या तोंडाने बोलावे. पाण्याचा हंडा ज्यांच्या डोक्यावर असतो, त्यांच्याइतके पाण्याचे गाऱ्हाणे दुसरा कोण जाणतो?

मंडळी, माथेरानच्या त्या ९४ जणांपाशी पैसा नव्हता, वशिला नव्हता. आम्ही ओझ्याचे बैल नाही, हे त्यांना कळले होते, आणि ते त्यांनी एकजुटीने, कागदावर, पुन्हा पुन्हा सांगितले. गाव करी ते राव न करी, असे आपण म्हणतो. पण गाव म्हणजे चावडीवरचे दहा जण नव्हेत. गाव म्हणजे तुम्ही शंभर. पुढच्या ग्रामसभेची दवंडी होईल त्या दिवशी एक वेळची मजुरी बुडाली तरी हरकत नाही, पण सभा तहकूब होऊ देऊ नका.