रक्तगट आणि दोन वाट्यांची कुयरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



सातवी शिकलेल्या बाईने रक्तावर भाषण करावे, याचे तुम्हांला नवल वाटेल. मलाही वाटले होते. परंतु गेल्या महिन्यात आपल्या मंडळाने रक्तगट-तपासणी ठेवली, त्या दिवशी कागद हाती पडल्यावर दोघीजणींनी मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला. "मुलाचा गट आमच्या दोघांशी जुळत नाही. हा कागद घरी दाखवू का?" एकीने तर तो घडी घालून पोलक्यात खोचला होता. त्या कागदाची भीती मी ओळखते. ती माझ्या घरी पाच दिवस मुक्कामाला होती.

आमच्या धाकट्याचे अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले तेव्हाची गोष्ट. यांचा गट ए, माझा बी, आणि मुलाचा आला ओ. कागद देणारा मनुष्य सर्वांदेखत म्हणाला, "आईबाप ए आणि बी, मग मुलगा ओ कसा?" सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. घरी आल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "बाळंतपणात दवाखान्यात मूल बदलले असेल." हे त्या माझ्या बाजूने बोलल्या, बरे का! हे मात्र काहीच बोलले नाहीत. रात्री जुन्या कागदांची फाईल काढून दिव्याखाली बसले. बोलले असते तर उत्तर तरी देता आले असते.

पाचव्या दिवशी टाके काढावयास गेले तेव्हा आमच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना मी धीर करून विचारले. त्यांनी कागदावर रेघा मारून समजावले. मला ते पुरते कळले घरी येऊन, देवापुढची कुयरी पाहिली तेव्हा. म्हणून आज ती घेऊनच आले आहे.

ही पाहा दोन वाट्यांची कुयरी. प्रत्येक माणसापाशी अशी एक असते असे समजा. एक वाटी आईकडून आलेली, एक बापाकडून. वाटीत हळद असेल, कुंकू असेल, नाहीतर ती रिकामी असेल. हळद म्हणजे ए, कुंकू म्हणजे बी. दोन्ही वाट्या रिकाम्या, तो ओ. एकीत हळद व दुसरीत कुंकू, तो एबी. आता गंमत इथे आहे. एका वाटीत हळद आणि दुसरी रिकामी असली तरी तपासणीत हळदच दिसते, म्हणून कागदावर लिहितात ए. दोन्हींत हळद असली तरीही ए. रिकामी वाटी कागदाला दिसत नाही.

मूल होते तेव्हा आई आपल्या दोहोंपैकी एक वाटी देते, बाप एक देतो. कोणती जाईल ते कोणाच्या हाती नाही. यांच्यापाशी एक हळदीची, एक रिकामी. माझ्यापाशी एक कुंकवाची, एक रिकामी. दोघांकडून रिकामी गेली की मूल ओ. अशा जोडप्याच्या मुलात ए, बी, एबी आणि ओ या चारही गटांचा संभव सारखाच, चारात एक. आणि दर मुलागणिक चिठ्ठी नव्याने निघते. थोरल्यांना काय मिळाले याचा धाकट्याशी संबंध नाही.

त्या संध्याकाळी मी सासूबाईंचे मोतीबिंदूच्या वेळचे कागद काढले. त्यांचा गट ओ! म्हणजे त्यांच्यापाशी द्यावयास दोन्ही रिकाम्याच वाट्या, आणि त्यांतली एक यांच्याकडे आलेली असणारच. माझे वडील रक्तदान करीत, त्यांच्या कार्डावरही ओ. मी कुयरी सासूबाईंपुढे ठेवली. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे हे माझ्याकडचे आहे होय!" तेव्हापासून नातवाच्या प्रत्येक खोडीवर त्या हक्क सांगतात. यांनी फाईल कपाटात परत ठेवली. माझी समजूत तेवढ्याने पुरी झाली नाही, हे खरे ते सांगते.

हे ज्ञान काही आजचे नव्हे. व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी 1901 साली रक्तगट दाखवून दिले आणि त्यांना 1930 साली नोबेल पारितोषिक मिळाले. वाटण्या कशा होतात याचा नेमका हिशेब 1924 च्या सुमारास फेलिक्स बर्नस्टाईन या जर्मन गणितज्ञाने मांडला. हिशेब करणारा डॉक्टर नव्हे, गणिती! मग आपण दूधवाल्याचा हिशेब ठेवणाऱ्या बायकांनी का भ्यावे?

आणखी एक उदाहरण मुद्दाम सांगते, कारण परवा प्रश्न विचारणाऱ्या एकीचे तेच होते. नवरा एबी, बायको ओ. यांची मुले ए किंवा बी होतात, म्हणजे आईसारखा गट नाही आणि बापासारखाही नाही. हाच तिथला नियम आहे. उलट, दोघेही ओ असले तर मुले ओच होतात, आणि आईबापांत एक ओ असेल तर मूल एबी होत नाही.

तथापि या नियमालाही मुंबईनेच अपवाद दाखवला. 1952 साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निराळा गट प्रसिद्ध केला, त्याला जगभर 'बॉम्बे' गट म्हणतात. हळदकुंकू ठरण्यासाठी वाटीला तळ लागतो. त्या तळाला शास्त्रात एच म्हणतात. क्वचित एखाद्याला आईकडून व बापाकडून, दोन्हीकडून तळच मिळत नाही. मग वाट्याला हळद येऊनही ती दिसत नाही आणि साध्या तपासणीत तो मनुष्य ओ ठरतो. त्याच्या मुलाला दुसऱ्या पालकाकडून तळ मिळाला की लपलेली हळद प्रकट होते, आणि ओ म्हटलेल्या आईला एबी मूल होऊ शकते. अशा माणसाला ओ गटाचेही रक्त चालत नाही, बॉम्बे गटाचेच लागते. म्हणून गट न जुळल्यास आधी तपासणी पुन्हा करून घ्यावी, चिठ्ठ्यांची अदलाबदलही होते. आणि गट जुळला म्हणून नाते सिद्ध होते असेही नाही. रक्तगटाची साक्ष तेवढी मोठी नाहीच.

आता पॉझिटिव्ह-निगेटिव्हबद्दल. याची कुयरी निराळी. दोहोंपैकी एका वाटीत जिन्नस असला तरी पॉझिटिव्ह, दोन्ही रिकाम्या असल्या तर निगेटिव्ह. म्हणून दोघे पॉझिटिव्ह असूनही मूल निगेटिव्ह होऊ शकते. पण काळजी घ्यावयाची ती आई निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह असताना. पहिले मूल पॉझिटिव्ह झाले तर बाळंतपणात त्याचे थोडे रक्त आईच्या रक्तात मिसळते, आईचे शरीर त्याविरुद्ध तयारी करून ठेवते, आणि पुढच्या पॉझिटिव्ह बाळाच्या रक्तावर ती चालून जाते. बाळ पिवळे पडते, कधी दगावते.

माझ्या एका मावशीची पहिली मुलगी ठणठणीत, पुढची तिन्ही मुले आठवड्याच्या आत पिवळी होऊन गेली. गट कोणी तपासला नव्हता, तेव्हा कारण हेच असे मी म्हणणार नाही. पण तिला मूल धार्जिणे नाही म्हणून ओट्या भरावयास बोलावीत नसत, ते मी पाहिले आहे.

यावर 1968 पासून अँटी-डी नावाचे इंजेक्शन आहे. बाळ पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत घ्यावे लागते. गर्भपात झाला तरी डॉक्टरांना त्याबद्दल विचारावे. पुष्कळ ठिकाणी सातव्या महिन्यातही देतात. ज्यांच्या लेकीसुना गरोदर आहेत त्यांनी आज घरी गेल्यावर त्यांचे कार्ड पाहावे, आणि निगेटिव्ह असेल तर जावयाचे किंवा मुलाचेही पाहावे.

कुयरी मी इथे टेबलावर ठेवते. ज्यांना आपल्या घरचा हिशेब मांडून पाहावयाचा असेल त्यांनी चहा झाल्यावर मजकडे यावे. कागद पोलक्यातून काढून आणला तरी चालेल.