कपिलधारला सुटलेले दोन पेपर

बीएला असताना लागोपाठ दोन चाचण्या होत्या, भूगोल आणि जगातील धर्म. भूगोलात आधी दांडी उडालेली. पुन्हा उडाली तर शिक्षण बंद, असं अण्णांनी बजावलेलं. पाठांतर काही टिकेना. मग वही घेऊन कपिलधार गाठलं.

धबधब्यामागे बालाघाटचा काळा बेसॉल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, थरावर थर. नकाशातली रेघ समोरच उभी! मन्मथस्वामींच्या समाधीपाशी गळ्यात इष्टलिंग असलेले एक आजोबा भेटले. म्हणाले, "बाळा, आमचा देव सदा अंगावरच." तेव्हा कुठं 12व्या शतकातले बसवण्णा डोक्यात शिरले.

दोन्ही पेपर निघाले. अण्णा काही बोलले नाहीत, पुढची फी मात्र भरून आले. भेटू पुढच्या भागात!