जुना शिशाचा शिपाई रंगवायचा की नाही?

आज बोलूया जुन्या शिशाच्या शिपायांबद्दल. जुन्या बाजारात, ऑनलाइन लिलावात, कधी कुणाच्या आजोबांच्या कपाटात हे सापडतात. बोटभर उंचीचे, रंग उडालेले, एखाद्याचं मुंडकंच गायब. बघितल्यावर पहिला विचार हाच येतो, की जुना रंग काढू, नवा मारू, एकदम चकाचक करू. माझं म्हणणं एवढंच, की त्याआधी जरा थांबा.

हे शिपाई आले कुठून? लंडनच्या ब्रिटन्स कंपनीने १८९३ मध्ये पोकळ शिपाई ओतायला सुरुवात केली. वितळलेलं शिसं साच्यात ओतायचं. साच्याला टेकलेला थर लगेच घट्ट होतो, मग आतलं उरलेलं शिसं परत ओतून काढायचं. धातू कमी लागला, खेळणं स्वस्त झालं. उंची साधारण ५४ मिलिमीटर. मॉडेलवाल्यांमध्ये हे माप आजही चालतं. ब्रिटिश भारतीय सैन्यातल्या पलटणींचेही संच निघाले. पुढे शिसं मुलांसाठी विषारी म्हणून १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये हे उत्पादन थांबलं.

आणि थांबायचं पहिलं कारण तेच आहे. शिसं विषारी आहे, आणि जुन्या रंगातही शिसं असू शकतं. म्हणून कोरडा सॅंडपेपर अजिबात मारायचा नाही. धूळ उडते आणि ती पोटात जाते. हातमोजे, मास्क, ओलं काम. जेवायच्या टेबलावर नाही, आणि घरात लहान मूल असेल तर त्याच्यापासून लांब. अंगावर पांढरट-करडी पावडर दिसली तर तो शिशाचा गंज. प्लायवूड, एमडीएफच्या बंद कपाटात लाकडातून आम्लाची वाफ निघते, त्याने हा गंज वाढतो. असे शिपाई वेगळे ठेवा. काच किंवा धातूचं कपाट बरं.

दुसरं कारण म्हणजे मूळ रंग. हे शिपाई कारखान्यात हाताने रंगवलेले असायचे, आणि ते काम बहुतेक बायका करायच्या. डोळ्याचा तो एक ठिपका, गालावरची लाली, सगळं कुणीतरी ब्रशने काढलंय. आपल्या कोडमध्ये गडबड झाली तर जुन्या कमिटवर परत जाता येतं. इथे अनडू नाही. मूळ रंग एकदा धुतला की गेला. संग्राहकांच्या बाजारातही पुन्हा रंगवलेल्या शिपायाला सहसा कमीच भाव मिळतो.

मग ठरवायचं कसं? मूळ रंग बऱ्यापैकी शिल्लक असेल तर मऊ ब्रशने धूळ झटका आणि सोडून द्या. धातू उघडा पडलाय, किंवा मधे कुणीतरी जाड ऑइलपेंट फासून बटणं-पट्टे बुजवलेत, तर खुशाल रंगवा.

रंगवायचं ठरलं तर आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. तोच तुमचा बॅकअप. मुंडकं तुटलं असेल तर जुनी युक्ती आहे: शिपाई पोकळ असतो, त्यामुळे मानेत काडेपेटीच्या काडीचा तुकडा बसवून वर डोकं चिकटवायचं. धातूवरचा रंग ॲसिटोनने निघतो, पण खिडकी उघडी ठेवा आणि जवळ गॅस पेटलेला नको. निघालेला गाळ बेसिनमध्ये ओतू नका. मग प्रायमर, त्यावर पातळ थर. एका जाड थरापेक्षा तीन पातळ बरे. शेवटी ग्लॉस वार्निश, कारण हे शिपाई मुळातच चकचकीत होते.

प्लॅस्टिकच्या फिगरला मात्र ॲसिटोन लावू नका. मॉडेल किटमधलं कडक प्लॅस्टिक त्यात विरघळतं. म्हणून आधी वस्तू कशाची आहे ते ओळखा. आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांनाही हेच लागू. मातीच्या मावळ्यावर पाण्याचा रंग असेल तर ओल्या फडक्याने महाराजांची दाढीच पुसली जाईल! आधी पायाखाली, न दिसणाऱ्या जागी, ओला कापूस टेकवून बघा.

थोडक्यात, आधी वस्तू ओळखा, मग ठरवा, आणि ब्रश सगळ्यात शेवटी. तुमच्याकडे असं काही जुनं असेल तर घरच्यांना विचारा ते कुणाचं होतं, कुठून आलं, आणि लिहून ठेवा. ती माहिती रंगापेक्षा लवकर उडून जाते. चला, भेटू पुढच्या भागात!