लेण्यांचा कातळ आणि आपण
(विहाराच्या वर्धापन दिनी झालेल्या व्याख्यानावरून)



विज्ञानावर बोला, पण घरातल्या आयाबायांना आणि पोरांना कळेल असं बोला, अशी समितीची सूचना आहे. म्हणून आम्ही सुरुवात करतो ती आपल्या ओळखीच्या लेण्यांपासून.

कार्ले, भाजे, अजिंठा, वेरूळ. आपण सहली काढतो, स्तूपापुढे वंदना घेतो. ही लेणी आपल्याच पूर्वजांच्या छिन्नी-हातोड्याने कोरली गेली. कुठे त्यांना पांडवांची लेणी म्हणतात, कुठे एका रात्रीत देवांनी कोरली म्हणतात. आपल्याला ठाऊक आहे, ती भिक्खूंसाठी होती आणि उपासकांच्या दानातून पिढ्यान् पिढ्या कोरली गेली. पण ज्या काळ्या कातळात ती कोरली, तो कातळ आला कुठून?

तो जमिनीच्या पोटातून आला. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये जमिनीला भेगा पडल्या आणि तापलेला लाव्हारस बाहेर पडू लागला. एकदा नव्हे, लाखो वर्षे, थरावर थर. सह्याद्रीत काही ठिकाणी हे थर मिळून दोन किलोमीटरहून जाड आहेत. पावसाळ्यात घाटातून जाताना डोंगराला पायऱ्या पाडल्यासारखे दिसते ना? ते हेच थर. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूभाग या कातळाखाली आहे. बहुतेक महाराष्ट्र त्याच्यावर बसलेला आहे.

त्याच काळात डायनासोर संपले. डायनासोर आपल्या पोरांना पाठ आहेत, ते 'जुरासिक पार्क'मुळे! १९९३ चा तो चित्रपट पुढच्याच वर्षी हिंदीत आला आणि थिएटरांवर रांगा लागल्या. करमणूक म्हणून झकास. पण त्यातला तो दांडगा टी-रेक्स जुरासिक काळातला नाहीच, तो त्याच्या कितीतरी नंतरचा, अगदी शेवटच्या काळातला. पाठीवर तवे उभे असलेला स्टेगोसॉरस सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे काळाच्या हिशेबाने टी-रेक्स स्टेगोसॉरसपेक्षा आपल्याला जवळचा! आणि डासाच्या पोटातल्या रक्तातून डायनासोर काढणे? डीएनए इतका टिकत नाही. आजवर मिळालेला सर्वांत जुना डीएनए सुमारे २० लाख वर्षांचा आहे.

डायनासोर संपले ते कशाने? सुमारे दहा किलोमीटर रुंदीचा एक अवकाशातला दगड आजच्या मेक्सिकोजवळ आदळला. धुळीने आकाश झाकले, थंडी पडली, झाडे मेली, अन्नसाखळी तुटली. आपल्या दख्खनच्या लाव्हातून निघालेल्या वायूंनीही हवामान बिघडवले होते. त्याचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. वाद असणे हा विज्ञानाचा दोष नाही, तीच त्याची रीत आहे. पुरावा आला की मत बदलायचे.

सगळेच डायनासोर मात्र मेले नाहीत. त्यांची एक शाखा पक्ष्यांच्या रूपाने उरली. कौलावरची चिमणी त्याच वंशातली! आणि मोठे प्राणी गेल्यामुळे मोकळ्या झालेल्या जागेत लहानसहान सस्तन प्राण्यांचा विस्तार झाला. त्यातूनच लाखो पिढ्यांनी माणूस आला.

इथे एक गैरसमज काढू या. "माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला?" असे २०१८ साली एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनीच विचारले होते. पण डार्विनने १८५९ साली जो सिद्धांत मांडला, त्यात आजच्या माकडाचा उद्या माणूस होतो असे कुठेच नाही. आपल्या पिंपळाकडे बघा. एक फांदी दुसऱ्या फांदीची आई नसते, दोघी एकाच बुंध्यातून फुटतात. चिंपांझी आणि माणूस ही तशी चुलत भावंडे.

आणि उत्क्रांती पाहायला लाखो वर्षे लागतातच असे नाही. आपल्या वस्तीत टी.बी.चे रुग्ण आहेत. दोन महिन्यांत बरे वाटले की गोळ्या बंद! काय होते? कमजोर जंतू आधी मेलेले असतात. औषधाला दाद न देणारे चिवट तेवढे उरतात, त्यांचीच पिलावळ वाढते, आणि मग साधे औषध चालत नाही. हीच नैसर्गिक निवड. म्हणून आमची हात जोडून विनंती आहे, डॉक्टर सांगतील तितका कोर्स पुरा करा. डार्विन न समजण्याची किंमत अशी घरात मोजावी लागते.

एवढे असून दहावीच्या केंद्रीय अभ्यासक्रमाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. २०२३ साली १८०० हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध जाहीर पत्र काढले. पुस्तकात नसेल तर आपण विहारात शिकवू. कारण हा धडा आपल्या जगण्याचा आहे. कोणत्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखा असतो. कोणी मुखातून आणि कोणी पायातून जन्मला नाही, सर्वांचे मूळ आफ्रिकेत. परमपूज्य बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात सर्व माणसे समान मानण्याची प्रतिज्ञा आहे. विज्ञान तिला पुरावा देते.

आता हवामान. लाव्हाने जे लाखो वर्षांत केले, त्याच वाटेने आपण शे-दोनशे वर्षांत धावतो आहोत. कोळसा, पेट्रोल जाळून. १९५८ साली मोजणी सुरू झाली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड सुमारे ३१५ भाग होता, आता तो ४२० च्या वर गेला आहे. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते, आणि मग पाऊस कोसळतो तो एकदम. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला. एकेका पावसाचे खापर तापमानवाढीवर फोडता येत नाही, पण असे पाऊस वाढताहेत हे खरे. आणि पाणी शिरते कुठे? नाल्याकाठच्या घरात. ज्यांच्या दारात गाडी नाही, त्यांच्याच.

कान्हेरीला गेलात तर पाण्याची टाकी नीट पाहा. भिक्खूंनी कातळात पन्हळी आणि टाकी खोदून पावसाचा थेंब थेंब साठवला. तंत्रज्ञान म्हणजे फक्त मोबाईल नव्हे!

मोबाईलचेही सांगतो. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या. ते होते द्रवाच्या पृष्ठताणाचे काम. तेव्हा अफवा फोनवरून पसरली, आता हातातल्या मोबाईलवर तर क्षणात येते. पुढे पाठवण्याआधी थांबा. तथागतांनी कालामांना हेच सांगितले, परंपरा आहे, ग्रंथात आहे, मोठा माणूस सांगतो, एवढ्यावर मानू नका, स्वतः पारखा.

आणि ही कसोटी आपल्यालाही लागू आहे बरं का! "सगळे विज्ञान बुद्धाने आधीच सांगितले" असे आपल्यातले काही जण म्हणतात. असे म्हणू नये. बुद्धाने अणू किंवा डीएनए सांगितला नाही. सर्व काही कारणांनी घडते, बदलते, आणि ते तपासता येते, ही दृष्टी त्याने दिली. तेवढी पुरेशी आहे. बाबासाहेबांनी प्रज्ञा म्हटली ती हीच, अंधश्रद्धेच्या विरुद्ध उभी राहणारी समज.

म्हणून समितीला आमची सूचना. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास मुलांसाठी विज्ञानाचा ठेवा. एक भिंग, एक नकाशा, चार पुस्तके, एवढ्यावर सुरुवात होते. शिकलेल्या तरुणांनी आळीपाळीने यावे, आम्हीही येऊ. आणि पुढच्या सहलीला लेणी पाहताना पोरांना मूर्ती दाखवा, शिलालेख दाखवा, आणि त्यांचा हात कातळावर ठेवून हा लाव्हा आहे, हेही सांगा.

नमो बुद्धाय! जय भीम!